हौश्याच्या पोटातला आकडा

गोरक्षला कुणी ‘डाक्टर’ म्हटलं की तो चिडतो. लटका राग नव्हे, खरोखर चिडतो. “डाक्टर म्याडम आहेत. मी परिचर आहे,” हे तो बावीस वर्षं सांगतोय आणि घोटीच्या आसपासची माणसं बावीस वर्षं ते या कानाने ऐकून त्या कानाने सोडून देतायत. गुरांच्या सरकारी दवाखान्यात जो माणूस गाईचं शेपूट धरतो, औषध कालवतो, सलाईनची बाटली हातात घेऊन तास तास गोठ्यात उभा राहतो, त्याला डाक्टर नाही म्हणायचं तर काय तहसीलदार म्हणायचं? डॉक्टर येतात, दोन-तीन वर्षांनी बदलून जातात. गोरक्ष कुठे जातोय!

दिसायला काही विशेष नाही. सत्तावन्न वर्षांचा, काटकुळा माणूस. पण त्याच्या शर्टाच्या खिशात बघा. तिथे पेन नसतं, तंबाखूची पुडी नसते. काडेपेटीएवढी एक पुस्तिका असते. तिच्यात पिवळसर कागदाच्या बारीक पट्ट्या, आणि वेष्टनावर रंगांची ओळ. तांबडा, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा, शेवटी जांभळा. प्रत्येक रंगाखाली एक आकडा. पट्टी पाण्यात बुडवायची, तिचा रंग ओळीशी जुळवायचा आणि आकडा वाचायचा. सात म्हणजे मधलं, शुद्ध पाणी. सातच्या खाली आंबटाचं राज्य, म्हणजे लिंबू, चिंच, ताक. सातच्या वर खाराचं, म्हणजे सोडा, साबण, चुना. बस्स, एवढंच शास्त्र, पण गोरक्षला त्याचं वेड. विहिरीचं पाणी बघेल, दूध बघेल, पाहुणा म्हणून गेला तर लोकांची कढीसुद्धा बघेल. त्याची बायको उज्वला धुणं भिजवताना आधी त्याचा खिसा चाचपते. एकदा विसरली, तर साबणाच्या पाण्यात अख्खी पुस्तिका निळी होऊन बसली आणि दोघांचं दोन दिवस भांडण चाललं.

गंमत म्हणजे हाच गोरक्ष दहावीला विज्ञानात दोनदा गचकलाय. आम्लात निळा लिटमस लाल होतो, हे त्याने दोन्ही वेळा उलटं लिहिलं. बरं, पहिल्यांदा चुकला तर चुकला, दुसऱ्यांदा तरी!

त्याची अजून एक खोड होती. जनावराचं पोट फुगलं की आपल्याकडे पहिला उपाय खाण्याचा सोडा. पण गोरक्ष कागद बघितल्याशिवाय सोड्याची पुडी फोडत नसे. मालक घायकुतीला आलेला असायचा, “अरे घाल की बाबा लवकर!” म्हणून ओरडायचा. गोरक्ष ढिम्म हलायचा नाही. असं का, ते त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. लोकही म्हणायचे, असते एकेकाची तऱ्हा.

तर गेल्या साली पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे करीच्या दिवशी, सकाळी सातलाच त्याचा फोन वाजला. पलीकडे सरुबाई होत्या. “गोरखभाऊ, हौश्या उठंना. कसातरीच करतोय. तुम्ही या.” एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. गोरक्षने चहाचा कप तसाच ठेवला आणि गाडीला किक मारली.

सरुबाई आणि त्यांचे मालक गोटीराम, दोघंच घरात. भाताची अडीच एकर जमीन. मुलगा ललित सातपूरच्या कंपनीत, तिकडेच बिऱ्हाड. गोटीराम म्हणजे फटकळ, आवाजाने अख्खी वाडी जागी करणारा माणूस. त्यांच्या तोंडून बायकोबद्दल बरा शब्द गेल्या पंचेचाळीस वर्षांत कुणी ऐकला नव्हता. बैलांबद्दल मात्र ऐकला होता. पूर्वी जोडी होती, त्यातला मोऱ्या दोन वर्षांमागे म्हातारपणाने गेला. उरला हौश्या. एका बैलाचं औत होत नाही, चिखलणी तर नाहीच नाही. ललित म्हणाला, बाबा, तुमचे गुडघे गेलेत, भात आता ट्रॅक्टरवर करू, हौश्याला देऊन टाका. इगतपुरीकडे एका शेतकऱ्याचा बैल एकटा पडला होता, त्याला जोड हवी होती. पोळा झाला की शनिवारी तो न्यायला येणार, असं ठरलं होतं. गोटीरामांनी नुसती मान हलवली होती, आणि त्या दिवसापासून त्यांचा आवाज जरा जास्तच चढला होता.

पोळ्याला बैलाचा थाट असतो, हे मी सांगायला नको. आदल्या दिवशी खांद्याला हळद-लोणी चोळून खांदेमळण. पोळ्याला आंघोळ, शिंगांना रंग, अंगावर झूल, आणि मग वाजत-गाजत दारोदार. ज्या दारी बैल जाईल त्या घरची बाई त्याला ओवाळणार आणि पुरणाची पोळी भरवणार. त्या दिवशी पाहुण्याला नको म्हणायचं नसतं, आणि पाहुणाही नको म्हणत नाही. वर्षभर वैरण चघळणाऱ्या पोटात एका संध्याकाळी गूळ, डाळ, कणीक यांचा लोंढा जातो. मग करीच्या दिवशी गोरक्षचा फोन वाजायला लागतो. माणसं माया करतात हो, त्यात खोट नाही. पण अति तिथं माती.

गोरक्ष पोचला तेव्हा हौश्या गोठ्यात बसला होता. शिंगं अजून हिंगुळाने लालभडक, गळ्यात गोंडा, आणि मान मात्र वळवून स्वतःच्या कुशीला लावलेली. डोळे खोल गेलेले, नाकपुडी कोरडी, दात करकर वाजत होते. डावी कूस टम्म. गोरक्षने मुठीने दाबली, तर आत पाणी हलल्यासारखं डचमळलं. शेणाला आंबूस वास येत होता.

“हिनं घातलं!” गोटीराम ओरडले. “मी म्हणत व्हतो, बास कर, बास कर. हिचा हात थांबंल तर ना! मारला माझा बैल हिनं.”

सरुबाई दाव्याजवळ उभ्या होत्या. लहानखुऱ्या, पदर कमरेला खोचलेला.

“मावशी, काय काय खाल्लं यानं?” गोरक्षने विचारलं.

“पोळ्या.”

“ते झालंच. पण किती? गावानं घातल्या त्या सोडून, घरच्या किती?”

“तीस,” सरुबाई म्हणाल्या.

गोरक्ष जरा थबकला. दोन माणसांचं घर. तीस पोळ्या म्हणजे दीड किलोच्या वर डाळ शिजवायला हवी, आणि या बाईला संधिवाताने धड पोळपाट धरता येत नाही. त्याने पिशवीतून नळी काढली. “बघू, कागद काय म्हणतो,” एवढंच म्हणाला.

त्याने हौश्याच्या दाताखाली लाकडाचा ठोकळा दिला, गोटीरामांना मान धरायला लावली आणि रबरी नळी हळूहळू घशातून खाली सोडली. बैलाला चार कप्प्यांचं पोट असतं. त्यातला पहिला, सगळ्यात मोठा कप्पा म्हणजे जणू आंबवणाचा रांजणच. तिथलं पाणी नळीतून ओंजळभर बाहेर आलं. दुधाळ, करडं, आणि वास असा की नाकात झिणझिण्या याव्यात. गोरक्षने पट्टी बुडवली. पट्टी नारिंगी झाली. त्याने ती उजेडात धरली, ओळीशी लावली, पुन्हा लावली.

“पाच.”

“पाच म्हंजी?” गोटीरामांनी विचारलं. “किती पायजे?”

“साडेसहा-सात.”

“मग दीड-दोनच तर कमी हाय! ह्यॅ! मला वाटलं काय झालं.”

“बाबा, हा आकडा तसा नाय चालत,” गोरक्ष म्हणाला. “सातावरनं सहावर उतरला, तर आंबट दहापट. सहावरनं पाचावर, तर त्याच्या दहापट. म्हणजे शंभरपट आंबट झालंय याचं पोट. चारावर गेला, तर...”

पुढचं त्याने गिळलं. गोटीरामांनी हौश्याची मान आणखी घट्ट धरली.

नळी काढताना तिच्या टोकाला काहीतरी अडकून आलं आणि गोरक्षच्या तळहातावर पडलं. पाच-सहा दाणे. फुगलेले, पण अख्खे. बाजरी. पुरणाच्या पोळीत बाजरी कुठली? त्याने मान वर केली. सरुबाई थेट त्याच्याकडेच बघत होत्या. त्यांनी अगदी हलकी, दिसावी न दिसावी अशी, मान हलवली. नको. गोटीराम बैलाच्या पाठीवरून हात फिरवत “हिनंच, हिनंच” असं पुटपुटत होते. गोरक्षने बादलीत हात बुडवून धुवून टाकला. खाई त्याला खवखवे; बाजरी कुणी घातली, हे त्याला त्या क्षणी कळलं, आणि तीस पोळ्यांचा हिशोबही कळला. पोटात गेलंय ते घरच्या पोळ्यांहून कितीतरी जास्त, हे या बाईला ठाऊक होतं. औषध कमी पडू नये म्हणून तिने आकडा फुगवला होता. आणि तो सगळा स्वतःच्या नावावर घेतला होता.

तो अंगणात आला आणि डॉक्टर मॅडमना, दिशा मॅडमना, फोन लावला. त्या चाळिशी-पन्नाशीच्या नव्हेत, तिशीच्या. पण कामाला वाघीण. पलीकडच्या गावात होत्या. “दोन गावं, चार बैल, सगळे पोळीवाले,” त्या म्हणाल्या. गोरक्षने आकडा सांगितला, बाजरीचंही सांगितलं. “सोडा सुरू करा. चारशे ग्रॅम, कोमट पाण्यात, हळूहळू. पाणी मोकळं पाजू नका. मी इथलं आवरून निघते. तासातासाला आकडा कळवा.”

सोड्याचं पाणी नळीतून ओतताना हौश्याने मान झटकली आणि तांब्याभर पाणी त्याच्या खांद्यावर सांडलं. सरुबाईंनी ते पदराने पुसायला हात नेला आणि किंचाळल्या, “अगं माय! रगत! रगत फुटलं त्याला!”

खांद्यावर खरंच तांबूस डाग पसरला होता. गोटीरामांच्या तोंडचं पाणी पळालं. गोरक्ष मात्र त्या सकाळी पहिल्यांदा हसला. “मावशी, रगत नाय, खांदेमळणीची हळद हाय ती. हळदीला खार लागला की ती लाल होते. साडीवर हळद सांडली अन् साबण लावला, तर डाग लाल नाय होत?”

“व्हतो की,” सरुबाई म्हणाल्या, आणि मग आपल्याच घाबरण्याची त्यांना लाज वाटली. “लिंबू पिळलं तर जातो.”

“बरोब्बर. लिंबाचं आंबट खाराला मारतं, हळद पुन्हा पिवळी. इथं आपण उलटं करतोय. आंबट पोटात झालंय, त्याला खारानं मारायचं.” तो ओतता ओतता बोलत राहिला, कारण गप्प बसलं की म्हातारा-म्हातारी बैलाच्या डोळ्यांकडे बघत बसत होती. “एरवी हे काम बैल स्वतःच करतो. रवंथ करताना त्याच्या तोंडात लाळ सुटते बघा, ती खाराचीच असते. दिवसाला शंभर लिटर लाळ गिळतो. आपलाच सोडा आपणच पितो म्हणा ना. पण पोट बिघडलं की रवंथ थांबतो, रवंथ थांबला की लाळ थांबते, अन् मग आंबटाला कुणी वाली राहत नाय.”

“मंग रवंथ केला म्हंजी वाचला?” गोटीरामांनी विचारलं.

“रवंथ केला म्हणजे वाचला.”

त्या वाक्यानंतर दोघंही हौश्याच्या जबड्याकडे टक लावून बसले. जबडा हलत नव्हता.

नऊ वाजता पट्टी जरा पिवळटली, साडेपाच. गोरक्षला हायसं वाटलं. दहाला पुन्हा बघितली, तर पुन्हा नारिंगी. पाच. सोडा आपलं काम करत होता, पण आत काहीतरी नवं नवं आंबत होतं. ती बाजरी. भिजून फुगणारी, दर तासाला आणखी आंबट सोडणारी. त्याने पुन्हा फोन लावला. मॅडमनी विचारलं, “किती बाजरी आहे? नक्की किती? पायलीच्या, म्हणजे चार शेरांच्या आसपास असेल तर नळीने पोट धुऊन काढू. दोन पायल्या असेल तर पोट उघडावं लागेल, मग मला नाशिकहून सर्जन सर आणि सगळं सामान घेऊन यावं लागेल, त्यात तीन तास जातील. उगाच उघडलं तर या अवस्थेत बैल जागीच जाईल. अंदाज नको, गोरक्षदादा. नक्की आकडा हवा.”

गोरक्ष गोठ्यात परत आला. “मावशी, बाबा, बाजरी किती होती?”

गोटीरामांनी बायकोकडे बघितलं. सकाळपासून पहिल्यांदाच.

“मीच घातली,” सरुबाई म्हणाल्या. “असंल... शेर-दोन शेर.”

“कोरडी का भिजवलेली?”

“कोरडी.” मग गोरक्षच्या चेहऱ्याकडे बघून, “नाय, भिजवलेली.”

“मावशी, अंदाजानं नाय चालणार.”

“सांगितलं ना, मीच घातली म्हनून! जे घालायचं ते औषध घाला तुम्ही!” आणि त्या माउलीच्या डोळ्यांना धारा लागल्या.

गोरक्ष बैलाजवळ उकिडवा बसला. त्याला म्हाताऱ्यावर ओरडता आलं असतं. दवाखान्याच्या माणसाचा तेवढा हक्क असतो. पण तो ओरडला नाही. तो हळू आवाजात, हौश्याकडे बघत बोलायला लागला.

“बाबा, मी नोकरीला नवीन होतो, नांदगावला. नवसाबाई म्हणून एक बाई होती. एकटी, अन् तिची एक गाय. पोट फुगलं म्हणून बोलावणं आलं. डॉक्टर रजेवर. मला एवढंच ठाऊक, पोट फुगलं की सोडा. दिला मी. पण त्या गाईनं युरिया खाल्ला होता. घरात गोणी फाटकी होती, तिनं चाटला. युरियानं पोट आंबट नाय होत, उलटं होतं, खाराकडं जातं. आठाच्याही वर. तिथं आंबट द्यायचं असतं, व्हिनेगार द्यायचं असतं. अन् मी खारावर खार ओतला. आगीत तेल. कागद खिशात नव्हता, अन् काय खाल्लं ते विचारायची अक्कल नव्हती. अर्ध्या तासात गाय गेली.”

गोठ्यात फक्त हौश्याचे दात वाजत होते.

“नवसाबाई मला काय बोलली माहितीये? म्हणाली, पोरा, तू केलं तेवढं केलं, च्या पिऊन जा. मी च्या प्यालो. तिला वाटलं, गोणी उघडी ठेवली म्हणून गाय गेली, माझ्या चुकीनं गेली. मी म्हणू शकलो असतो, बाई, तुझी चूक थोडी, माझी जास्त. नाय म्हणालो. नोकरी जाईल म्हणून घाबरलो. ती बाई मरेपर्यंत स्वतःला खात राहिली असंल, अन् मी गप्प. तीस वर्षं झाली. हे मी कुणाला बोललो नाय. घरी उज्वलालासुद्धा नाय.”

हे तो उज्वलाला त्याच संध्याकाळी सांगणार होता, पण ते पुढचं. आत्ता त्याला स्वतःचाच राग येत होता.

गोटीराम उठले. गुडघे धरून उठले, भिंतीला टेकले. त्यांचा तो वाडी जागी करणारा आवाज कुठे गेला कोण जाणे.

“पायली,” ते म्हणाले. “एक पायली. सपाट. शिगेची नाय. सकाळपासनं भिजवली व्हती, गूळ घातला. दिवेलागणीला त्याच्या पुढं ठेवली.” मग हौश्याकडे बघत म्हणाले, “शनवारी जायचा व्हता. म्हटलं, आपल्या दारातनं जाताना भुकेला नको जायला. तिनं नाय घातली. म्या घातली. अकरा पोळ्या घातल्या तिनं, त्याच्यावर एक नाय.”

सरुबाईंनी तोंडावर पदर धरला. गोरक्षने फोन कानाला लावला आणि म्हणाला, “म्याडम, एक पायली, भिजवलेली, वर गूळ. नक्की. मालकांनी स्वतः मोजलीय.”

“मग धुऊ आपण,” पलीकडून आवाज आला. “निघालेच.”

दिशा मॅडम साडेअकराला पोचल्या. पुढचे तीन तास काय धावपळ झाली! कोमट पाण्याच्या बादल्यांवर बादल्या. नळीतून आत, नळीतून बाहेर, आणि दर खेपेला बाहेर येणाऱ्या पाण्यात बाजरी, बाजरी, बाजरी. गोटीराम गुडघ्यांची तमा न करता विहिरीवरून पाणी आणत होते, सरुबाई चुलीवर ते कोमट करत होत्या. शिरेतून सलाईन लागलं, त्यातही सोड्याचंच औषध. पोट निवळल्यावर मॅडमनी शेवटची युक्ती केली. शेजारच्या गोठ्यातल्या धडधाकट गाईच्या तोंडातून तिचा रवंथाचा घास काढून घेतला, पाण्यात कालवला आणि नळीने हौश्याच्या पोटात सोडला. त्याच्या पोटातलं वैरण पचवणारं चांगलं विरजण आंबटाने मेलं होतं, ते असं उसनं आणायचं. गाय बिचारी बघतच राहिली.

तीनला पट्टी पिवळी झाली. सहा. चारला पिवळ्यात हिरवट झाक आली. गोरक्षने ती पट्टी गोटीरामांच्या हातातच दिली. त्यांना वाचता येत नव्हतं, पण रंग जुळवता आला. त्यांनी बोटाने दाखवलं, “ह्यो?”

“त्यो. साडेसहा.”

“आता शनवारी...” गोटीरामांनी मॅडमकडे बघितलं.

“शनिवारी काय? महिनाभर जागचा हलवायचा नाही याला,” मॅडम म्हणाल्या. “आणि पुढच्या पोळ्याला एक पोळी. ऐकलंत? एक. गावाला पण सांगा.” त्या पुढच्या बैलाकडे निघून गेल्या.

हौश्या उठला साडेचारला. आधी मागचे पाय, मग पुढचे, थरथरत. उभा राहिला, एक लांबलचक ढेकर दिली, एवढी मोठी की सरुबाई दचकून मागे सरल्या आणि मग तोंडाला पदर लावून हसल्या. मग तो नुसता उभा. पाच मिनिटं, दहा मिनिटं. तिघंही श्वास रोखून. आणि मग त्याच्या गळ्याखालून काहीतरी वर सरकलं, आणि जबडा हलला. डावीकडे. उजवीकडे. पुन्हा डावीकडे. ओठांतून लाळेची तार लोंबायला लागली. गोरक्षला वाटलं, इतकी सुंदर गोष्ट आपण जन्मात पाहिली नाही. इतक्या वर्षांच्या नोकरीत हजार बैल पाहिले असतील, पण वाटलं खरं.

तो अंगणातल्या हौदावर नळी धुवायला बसला. गोठ्याचं दार उघडं होतं, आणि म्हाताऱ्याला हळू बोलायची सवयच नव्हती.

“तुला ठाव व्हतं,” गोटीराम म्हणाले.

“व्हतं.”

“कसं?”

“बघितलं मी. दिवेलागणीला दिवा घेऊन गोठ्यात आले व्हते. घमेलं त्याच्या पुढं, अन् तुमी त्याच्या गळ्याला मिठी मारून.”

“मंग अडवायचं नाय?” जुना आवाज पुन्हा चढला. “तोंड शिवलं व्हतं का? म्हणायचं, इतकं नका घालू, मरंल! सकाळपासनं मी तुला वाट्टेल ते बोललो, तरी गप! अडवलं का नाय तू मला?”

सरुबाईंनी हौश्याच्या ओठावरची लाळ पदराने पुसली. मग म्हणाल्या, “तुमी रडत व्हता. आपली लेक गेली तवा नाय रडला, आई गेली तवा नाय. पंचेचाळीस वर्सांत मी तुमाला रडताना बघितलं नव्हतं. कसं अडवू? मी दिवा घेऊन तशीच माघारी फिरले.”

गोरक्षने पाण्याचा आवाज होऊ नये म्हणून नळी हौदात धरून ठेवली. आणि मग आत भर दिवसा, उघड्या दारात, तो फटकळ म्हातारा लहान पोरासारखा हुंदके देऊन रडायला लागला. या खेपेला सरुबाई माघारी फिरल्या नाहीत. त्यांच्याशेजारी शेणाच्या ओल्या जमिनीवर बसल्या, आणि बसून राहिल्या.